न विकायची किंमत

१

सेलच्या तिसऱ्या दिवशी, दार उघडून पुरता तासही झाला नसेल, तेव्हा एक बाई चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून दुकानात शिरली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. तिच्या हातातलं ओझं बघून दोघीतिघींच्या माना वळल्या आणि एकीनं तर तिचा दंडच धरला. "अहो, हे कुठल्या मजल्यावर मिळालं? संपलं का?"

त्या बाईनं चादर बाजूला केली. आत काजळी धरलेला, एका अंगानं वितळून वाकडा झालेला उभा हीटर होता.

"इथंच मिळालं," ती म्हणाली. "माझी आई इस्पितळात आहे."

चार पावलांवर एक पन्नाशीची बाई टॉवेल चाचपत उभी होती. साधा स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, हातात दुकानाचीच टोपली. एकोणीस वर्षं ती रोज इथं येत होती, रोज टोपली भरत होती आणि संध्याकाळी सगळं जागच्या जागी ठेवून घरी जात होती. दुकानाचा पगार ती खरेदी करण्यासाठी घेत नव्हती. चोर पकडण्यासाठी घेत होती. नोकरमंडळी तिला गिऱ्हाईकबाई म्हणत, आणि आता तर तिच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडीही तेच नाव बसलं होतं.

गिऱ्हाईकबाईनं टोपली खाली ठेवली आणि त्या लेकीला कपडे घालून बघायच्या खोल्यांमागच्या अडगळीत नेऊन बसवलं.

"परवा आईनं एकटीनं येऊन घेतला हा," लेक सांगू लागली. "काल संध्याकाळी मांजराच्या धक्क्यानं आडवा पडला. पडला की आपोआप बंद व्हायला हवा ना? हा चालूच राहिला. पडद्यानं पेट घेतला. आईचे दोन्ही हात भाजलेत, छातीत धूर गेलाय." तिनं ओठ घट्ट मिटले. मग पर्समधून एक टॅग काढला. "आणि किती खूश होती ती! टॅग आरशाला अडकवून ठेवला होता. दारातूनच ओरडली होती, अगं, साडेनऊ हजारांचा हीटर बावीसशेत आणला!"

बाईनं टॅग हातात घेतला. बत्तीसशे छापून त्यावर लाल काट मारलेली, खाली एकवीसशे नव्व्याण्णव. साडेनऊ हजार कुठंच नव्हते.

पण तिच्या काळजात धस्स झालं ते दुसऱ्याच कारणानं. तो हीटर तिनं ओळखला होता. पडल्यावर बंद होत नाही म्हणून कंपनीनं हा माल महिन्यापूर्वीच परत मागवला होता. दुकानातला शेवटचा नगसुद्धा तळघरात कुलपाच्या जाळीत असायला हवा होता.

ती तळघराकडे निघाली, तर जिन्यातच गोदामकाका धापा टाकत वर येताना दिसले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"बाई, मी दोनदा मोजले. जाळीत नऊ आहेत. कागदावर अकरा."

एक जळाला होता. म्हणजे दुसरा अजून कुठंतरी होता, आणि बाहेर अशी थंडी पडली होती की लोक बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

२

"किल्ली कुणाकडे? काकांकडे. सही कुणाची? काकांची," मॅनेजर म्हणाला. "यात शोधायचं काय आहे? मालकीणबाई पाच वाजता येतायत. तेव्हा मी काकांचं नाव सांगणार आणि पोलिसांना बोलावणार."

मॅनेजर स्वभावानं दुष्ट नव्हता, घाबरट होता, आणि घाबरलेल्या माणसाला बळी लागतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची त्याची तयारी झाली होती.

काका दाराशी उभे होते. निवृत्तीला त्यांना सात महिने उरले होते. "साहेब, तळघरात नऊच होते. दोन वर मांडणीत होते. संध्याकाळपर्यंत खाली येतील असं मला सांगितलं, म्हणून मी अकरावर सही केली. नंतर दिवाळी... नंतर थंडीचा माल आला, ट्रकवर ट्रक, आणि माझ्या डोक्यातून गेलं. चूक माझीच आहे. पण विकले नाहीत हो मी."

"कुणी सांगितलं खाली येतील म्हणून?" बाईनं विचारलं.

काकांनी कपाळ चोळलं. "वरून फोन आला होता. आता आवाज कुणाचा होता ते... या वयात खोटं नाही सांगणार. आठवत नाही."

बाई मॅनेजरकडे वळली. "आधी लाउडस्पीकरवर सांगा. ज्यांनी असा हीटर नेला असेल त्यांनी लावू नये."

"सेलच्या ऐन गर्दीत? हीटरला आग लागते म्हणून ओरडू? जिन्यात चेंगरून चार माणसं मरतील!"

हे काही अगदीच खोटं नव्हतं. बाईनं तो टॅग टेबलावर ठेवला.

"त्या आजी घरी म्हणाल्या, साडेनऊ हजारांचा हीटर. का म्हणाल्या असतील?"

मॅनेजर हसला. "बाई, तुम्ही एवढी वर्षं इथं काढलीत! सेलमधून घरी गेलेला प्रत्येक माणूस मूळ किंमत वाढवूनच सांगतो. नाहीतर कौतुक कोण करणार? आणि साडेनऊ हजार? या डबड्याला? गेल्या वर्षी बेचाळीसशेला विकलाय आपण. मला ढीग संपवायचाय. माझ्या हातात असतं ना, तर हजारात फुंकून मोकळा झालो असतो!"

हे बोलून आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं जीभ चावली. बाईनं मात्र ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं.

ती तडक मुख्य दाराशी गेली. मोठ्या वस्तूच्या पावतीवर दरवान शिक्का मारतो आणि मगच ती बाहेर सोडतो. दरवानाची स्मरणशक्ती दुकानात प्रसिद्ध होती, कारण त्याला दुसरा उद्योगच नव्हता.

"तो उंच, तीन नळ्यांचा हीटर ना?" तो म्हणाला. "एकच गेला. परवा दुपारी. पिकल्या केसांच्या आजीबाई होत्या, मी टॅक्सीपर्यंत उचलून दिला."

"दुसरा?"

"दुसरा गेला नाही बाई. मागचं दार सेलभर बंद आहे. गेला असता तर माझ्यासमोरूनच गेला असता."

बाई मागे वळली. चार मजले, हजारभर माणसं, आणि त्यात कुठंतरी तो हीटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त या कळशात आग होती.

३

दुसऱ्या मजल्यावर, जिथं कालपर्यंत हीटर मांडले होते, तिथं मांडणीवाली किटल्या लावत होती.

सव्वीस वर्षांची ती पोरगी दुकानात आली तेव्हा तिला काउंटरवर साधं नीट उभं राहता येत नव्हतं. गिऱ्हाईकबाईनं तिला शेजारी उभं करून माणसं बघायला शिकवलं. कोण घेणार, कोण नुसतं चाचपणार, कोण पिशवीत टाकणार. पोरगी गुरूच्या पुढं गेली. आता कुठली वस्तू कुठं ठेवायची ते तीच ठरवायची, आणि मालकीणबाई तिला सेलनंतर मोठी जागा देणार अशी कुजबुज होती.

"सेलच्या मध्यावर मांडणी बदललीस?" बाईनं विचारलं.

"हीटर बऱ्यापैकी संपले ना मावशी. उरलेले खाली टोपलीत टाकले." तिनं मान वर केली नाही. "गेल्या तासाभरात चौदा किटल्या गेल्या. बघ ना, कशा लावल्यात."

तीन किटल्या होत्या. लहान आठशेची, मधली दीड हजाराची आणि शेवटी चकचकीत, चार हजारांची.

"ही चार हजारांची कोण घेतं?"

"कुणीच नाही." पोरगी पहिल्यांदा हसली. शिकवण्याचा आनंद तिला आवरत नसे. "ती घेण्यासाठी नाहीच. ती नसली ना, तर मधली महाग वाटते आणि लोक लहान उचलतात. ही बाजूला ठेवली की मधली घेणाऱ्याला वाटतं, आपण शहाणे, आपण अडीच हजार वाचवले. लोकांना वस्तू नको असते मावशी. आपण जिंकलो असं वाटायला हवं असतं."

"खरं आहे," बाई म्हणाली.

तिची नजर पोरीच्या हातांवर होती. बोटं धुळीनं माखलेली, एका नखाखाली लाकडाचं कुसळ. किटल्या लावताना लाकडाचं कुसळ कसं रुतेल? सकाळी लाकूडसामानाच्या भागात हीच पोरगी एकेक कपाट उघडून बघत होती. बाईला तेव्हा वाटलं होतं, पुसतेय.

"बरी आहेस ना तू?"

"झोप नाही गं. सेल आहे ना." ती पुढच्या किटलीकडे वळली.

४

उरलेल्या हीटरांची टोपली जिन्याजवळ होती. पंख्याचे छोटे हीटर, एकवीसशे नव्व्याण्णवचे, लोक एकावर एक उचलत होते. काउंटरवरची मुलगी बाईला बघून हसू लागली.

"बाई, गंमत बघा. सगळे संपत आले, हा एकच परवापासून पडून. कुणी हातात घेतं आणि चटका बसल्यासारखं खाली ठेवतं."

तिनं एक छोटा हीटर पुढं केला. त्याला दोऱ्यानं बांधलेला टॅग होता. नऊ हजार चारशे नव्व्याण्णव.

"टॅग लावणारा झोपेत असणार," मुलगी म्हणाली.

गिऱ्हाईकबाई हसली नाही. जवळच्या स्टुलावर ती बसली. एकोणीस वर्षांत ती गर्दीच्या वेळी पहिल्यांदाच खाली बसली होती.

टॅग लावणारा झोपेत नव्हता. दोन टॅगांची अदलाबदल झाली होती. त्या आजींनी मूळ किंमत फुगवून सांगितली नव्हती. त्यांनी साडेनऊ हजारांचा टॅग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, कारण तो त्यांनीच सोडला आणि छोट्या हीटरला बांधला. छोट्याचा टॅग मोठ्याला लागला. गल्ल्यावर यंत्रानं नुसतं 'हीटर' दाखवलं असणार, आणि मागं चाळीस माणसांची रांग. असले हात बाईनं वर्षाला तीसचाळीस तरी पकडले होते. बहुतेक हात थरथरत असत. बहुतेक हात चोरांचे नसतच.

पण अदलाबदलीआधीची गोष्ट खरी महत्त्वाची होती. तो नऊ हजार चारशे नव्व्याण्णवचा टॅग आला कुठून? बेचाळीसशेच्या वस्तूला सेलमध्ये दुपटीहून जास्त किंमत आणि वर एक पैसाही सूट नाही. विकायची वस्तू लोक फुगवून छापतात आणि मग खोडतात. ही खोडलेली नव्हती. ही किंमत कुणी घेऊच नये म्हणून लावलेली होती.

मॅनेजरला ढीग संपवायचा होता. त्यानं तो हजारात फुंकला असता. असा माणूस न विकायची किंमत लावत नाही, ती त्याच्या डोक्यातच येत नाही. काकांनी चोरून विकायला काढला असता तर स्वस्तात काढला असता.

न विकणारी वस्तू मुद्दाम मांडणारं माणूस सगळ्या दुकानात एकच होतं.

पण पोरीचा हिशेब नंतरचा. आधी हीटर. पोरीलाही तो सापडत नव्हता, म्हणून तर ती कपाटं उघडत फिरत होती. तिनं लपवला नाही. दारातून गेला नाही. मग लपवला कुणी?

घड्याळात तीन वाजले होते.

५

सेलमध्ये वस्तू लपवणारी एक जात असते. आज तीस टक्के सूट आहे, शेवटच्या दिवशी उरलंसुरलं निम्म्यात जातं. मग ही माणसं आवडलेली वस्तू दुसऱ्याच खणात दडवतात आणि दिवस मोजतात. पडद्यांच्या मागं बूट, उशीच्या खोळीत इस्त्री, काय काय सापडलं होतं बाईला. कपाटं, पलंगाखाली, पडद्यामागे हे सगळं पोरीनं पाहिलं असणार. पण कपाटांवरही सूट होती. तिथं रोज शंभर हात पडतात. मुरलेला माणूस वस्तू तिथं ठेवणार नाही. जिथं सूट नाही तिथं ठेवेल, कारण सेलच्या दिवसांत तिकडं कुत्रं फिरकत नाही.

चारही मजल्यांवर सूट नसलेले तीनच विभाग होते. शाळेचे गणवेश, चष्म्याच्या फ्रेमा आणि प्रवासी बॅगा.

कंबरेएवढा हीटर गणवेशात दडत नाही.

बॅगांच्या विभागात खरोखरच चिटपाखरू नव्हतं. बाईनं मागच्या रांगेतली सर्वांत मोठी बॅग हलवून पाहिली. हलकी. दुसरी, हलकी. तिसरी जागची हलेना. तिनं चेन उघडली, आणि आत दोन टॉवेलांत बाळासारखा गुंडाळलेला हीटर निघाला. टॅग तोच, नऊ हजार चारशे नव्व्याण्णव.

बाईनं शिवणकामाच्या विभागातून कात्री आणली आणि हीटरची वायर मुळापासून कापून टाकली.

आता तो कुणाला जाळणार नव्हता. तिनं चेन लावली, बॅग होती तशी ठेवली आणि समोर एक पिशवी न्याहाळत उभी राहिली. लपवलेली वस्तू सुरक्षित आहे ना, हे बघायला माणूस रोज एकदा येतोच. त्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

साडेतीन. सव्वाचार. पाचला वीस कमी असताना रांगेच्या टोकाशी पावलं वाजली. कुणीतरी इकडंतिकडं बघितलं आणि नेमका त्याच बॅगेवर हात ठेवला.

६

"आजी," गिऱ्हाईकबाई म्हणाली, "थांबा."

"अगो बाई! तू होय!" म्हातारी दचकली आणि लगेच सावरली. "अजून उतरेल ना गं हा?"

सगळं दुकान तिला थांबाआजी म्हणत असे. वस्तू हातात घेऊन शेजारणीला "थांबा, अजून उतरेल" असं सांगणं हा तिचा धर्म होता. तिच्यामुळं दुकानाचं दरवर्षी किती नुकसान होत होतं देव जाणे, पण तिला कुणी हाकललं नव्हतं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूची कुठल्या दिवशी काय किंमत होती ते तिला तोंडपाठ होतं.

बाईनं तिला बॅगेवरच बसवलं आणि जळालेल्या हीटरची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता आजीचा चेहरा पांढरा पडला.

"माझा नातू रांगतो गं घरात," ती पुटपुटली. "शेवटच्या दिवशी मी हा नेणार होते."

"कधी पाहिलात पहिल्यांदा?"

"सेलच्या आदल्या दिवशी. सोमवारी नव्हता. मंगळवारी तिसऱ्या प्रहरी आला. तुमची ती चुणचुणीत पोरगी नाही का, निळ्या एप्रनवाली, तिनंच दोन्ही आणून मांडले. मधल्या हीटरच्या उजवीकडे. मी विचारलं, बाळा, हा उतरेल का? तर मला म्हणते, आजी, हा घेऊ नका. हा नुसता बघण्यापुरता आहे."

"असं म्हणाली? घेऊ नका?"

"दोनदा म्हणाली. तेव्हाच मी ताडलं!" आजीनं मांडीवर थाप मारली. "चांगली वस्तू ही मंडळी आपल्या माणसांसाठी मागं ठेवतात. नको घेऊ म्हणतात म्हणजे नक्कीच घेण्यासारखी असणार. मी ती वळल्याबरोबर एक उचलला आणि इथं आणून झाकला." मग तिचा आवाज बारीक झाला. "दुसऱ्याचं माझ्या डोक्यात नाही आलं गं. नाहीतर तोही लपवला असता. ती बाई वाचली असती."

बाईनं तिचा सुरकुतलेला हात हातात घेतला. खाली मुख्य दाराशी मालकीणबाईंची गाडी लागल्याची घंटी वाजली.

७

मॅनेजरच्या खोलीत मालकीणबाई बसल्या होत्या. काका मान खाली घालून उभे होते आणि मॅनेजर त्यांच्यापुढं एक कागद सरकवत होता. मांडणीवालीला बाईनं हाताला धरून बरोबर आणलं होतं. जिन्यात ती पोरीला एवढंच म्हणाली होती, "आत गेल्यावर मी बोलायच्या आधी तू बोललीस तर बरं होईल." पोरगी बोलली नव्हती.

"काका, सही करू नका," बाई म्हणाली. "दुसरा सापडला. बॅगांत होता. वायर मी कापलीय."

मॅनेजरनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. पोरीनं भिंतीला हात टेकला.

मग बाईनं दोन टॅग टेबलावर ठेवले आणि एकेक पायरी सांगितली. बत्तीसशे खोडलेला टॅग. न खोडलेला साडेनऊ हजारांचा टॅग. मधला हीटर साडेसहा हजारांचा, त्याचे दीडशे नग पडून. त्याच्या शेजारी एक उंच, दिसायला दणकट आणि महाग हीटर उभा केला की साडेसहा हजार स्वस्त वाटतात. आणि असा उंच हीटर दुकानात दुसरा नव्हता, फक्त परत पाठवायचे हे दोन.

"दोन दिवसांत मधले एकशेवीस गेले," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "मी तुझं कौतुक केलं होतं फोनवर."

"मला वाटलं, विकलेच जाणार नाहीत," पोरीच्या तोंडून शब्द फुटले. "एवढ्या किमतीला कोण घेणार? म्हणून तर लावली ना एवढी. सेल संपला की गुपचूप काकांकडे देणार होते. काकांना फोन मीच केला होता, आणि तेव्हापासून दोन्ही माझ्याकडेच मांडणीच्या सामानात ठेवले होते."

"वायर का नाही कापलीस?" बाईनं विचारलं. सबंध दुपार हा एकच प्रश्न तिला कुरतडत होता. "बघण्यापुरताच होता ना?"

"गिऱ्हाईक वायर बघतं मावशी. तूच शिकवलंस. खरं वाटायला हवं होतं."

खालून सेलचा गलका येत होता.

"ते सगळं एक वेळ माफ होईल," बाई शेवटी म्हणाली. "पण सकाळी जळका हीटर आला तेव्हा तुला कळलं होतं दुसरा हरवलाय. काकांना चोर ठरवतायत हेही कळलं होतं. तू किटल्या लावत बसलीस."

"मी शोधत होते! सकाळपासून शोधत होते!"

"एकटीनं. सांगितलं असतंस तर आपण वीसजणांनी शोधला असता."

पोरगी खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. सगळ्यात आधी तिच्याजवळ गेले ते गोदामकाका. त्यांनी तिला पाणी दिलं.

८

पोलिसांना द्यायचा जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचा होता. मॅनेजरला रात्रीतून एक युक्ती सुचली होती.

"टॅग त्या म्हातारीनं बदलला, हे त्यात ठळक लिहा. चोरी ती चोरीच. तिनं लबाडी केली नसती तर हीटर दुकानाबाहेर गेलाच नसता. आपली मान सुटते."

"बदलताना मी पाहिलं नाही," गिऱ्हाईकबाई म्हणाली.

"पण तुम्हाला माहीत आहे!"

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकोणीस वर्षांत कुणाला चोर म्हटलं नाही. टॅग बदलला होता एवढं लिहिते. आणि पुढं हेही लिहिते, साहेब, की दोन्हींतला कुठलाही टॅग लावून नेला असता तरी तो हीटर पेटलाच असता."

मालकीणबाईंनी तो जबाब दोनदा वाचला. मग मॅनेजरला म्हणाल्या, "असाच जाऊ दे. आणि इस्पितळाचा खर्च आपला." मांडणीवालीनं आपला जबाब स्वतःच्या हातानं लिहिला, काहीही न लपवता. त्याचं पुढं काय होईल ते वकील ठरवणार होते. जाताना तिनं एप्रनची घडी करून बाईच्या हातात दिली. बाईनं ती आपल्या टोपलीत ठेवली. शिकवलं तर आपणच होतं. काय शिकवायचं राहिलं, या विचारानं तिला पुढं कितीतरी दिवस स्वस्थता लाभली नाही.

रविवारी ती इस्पितळात गेली. आजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. श्वास घरघरत होता, पण डोळे लख्ख होते. दुकानातून आल्याचं सांगताच त्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मला पकडायला आलात?"

"बघायला आले."

"आयुष्यात कधी कुणाची टाचणी उचलली नाही हो मी. त्या दिवशी शेजारच्या बाईनं माझ्यासमोर चार वस्तू मिळवल्या आणि माझे हात रिकामे. सगळे जिंकतायत आणि मीच तेवढी मूर्ख, असं वाटलं. दोन दोरे सोडायला कितीसा वेळ लागतो?" त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. "ह्याच हातांनी. देवानं बरोबर शिक्षा केली बघा."

"देवाचा काही संबंध नाही," बाई जरा रागावूनच म्हणाली. "खोट हीटरमध्ये होती. तो पूर्ण साडेनऊ हजार मोजून नेला असता तरी असाच पेटला असता. जबाबात मी हे लिहिलंय."

आजींनी दाराकडे पाहिलं.

"लेकीला माहीत आहे का?"

"माझ्याकडून नाही."

बाहेरच्या बाकावर लेक बसली होती. तीन रात्री न झोपलेली, हातात थंड झालेला चहाचा कप. गिऱ्हाईकबाई बाहेर येताच ती उठून उभी राहिली.

"काय म्हणाली आई?"

बाई उत्तर देणार तोच आतून घरघरता आवाज आला. "अगं, आत ये जरा. दार लोटून घे. तुला एक सांगायचंय."

लेक आत गेली. गिऱ्हाईकबाईनं तिच्या हातातला कप काढून घेतला, दार बाहेरून ओढलं आणि जिन्याच्या दिशेनं चालू लागली.